फुकटफौजदारांचा ज्ञानकोश

लग्नपत्रिका आली की आमच्या घरात ती दोन प्रकारे वाचली जाते. बाकीचे लोक मुहूर्त कधीचा, कार्यालय कुठलं आणि 'कृपया आहेर आणू नये' असं छापलंय का, एवढं बघतात आणि पत्रिका फ्रीजवर ठेवून देतात. मी लाल पेन घेऊन बसतो. 'आशिर्वाद'वर पहिली खूण, 'उपस्थीती'वर दुसरी, 'निमंत्रीत'वर तिसरी. 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं' हे वाक्य धड मान न धरणाऱ्या बाळाच्या नावाने छापलेलं असलं, तर त्या अख्ख्या ओळीवर काट. शेवटी कोपऱ्यात दहापैकी गुण. एका वधूपित्याला मी अशी तपासलेली पत्रिका कार्यालयाच्या दारातच परत दिली होती. 'धाकटीच्या वेळी उपयोगी पडेल,' असंही आपुलकीने म्हणालो. धाकटीच्या लग्नाचं आम्हाला आमंत्रणच आलं नाही.

दुकानांच्या पाट्या, मेनूकार्ड, बसवरच्या सूचना, काहीही मला चालतं. चौकात 'भावपूर्ण श्रध्दांजली'चा फलक लागला की मी खाली मान घालून बराच वेळ उभा राहतो. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं, गृहस्थ जवळचे असावेत. मला त्या जोडाक्षराचं दुःख झालेलं असतं.

हा स्वभाव नोकरीने लावला. सगळी हयात एका सरकारी कार्यालयाच्या लेखाशाखेत गेली. 'पुरावा जोडलेला नाही, सबब परत', 'प्रत अस्पष्ट', 'सही जुळत नाही' असे शेरे मारता मारता केस पिकले. निवृत्त झालो तेव्हा फाइली ऑफिसात राहिल्या आणि शेरे माझ्याबरोबर घरी आले. सुनेच्या वाणसामानाच्या यादीवर 'गुळ नव्हे, गूळ' असं लिहिल्यावर सौभाग्यवतींचा संयम सुटला.

"इतकीच हौस असेल," ती म्हणाली, "तर जिथे सगळेच तुमच्यासारखे आहेत अशा ठिकाणी जा की!"

तिला माहीत नव्हतं, पण अशी जागा आहे. तिला विकिपीडिया म्हणतात.

विकिपीडिया आपण सगळेच वापरतो. नातवाचा प्रकल्प, नेत्याचं वय, नटीचं खरं नाव, सगळं तिथूनच येतं. पण हे सगळं लिहितं कोण, याचा विचार फारसा कोणी करत नाही. आमच्या मेहुण्यांची समजूत अशी, की अमेरिकेत एक मोठं ऑफिस असणार आणि त्यात मराठी विभागात पुण्याची चारपाच मंडळी बसलेली असणार. मी तिथे लिहितो म्हटल्यावर त्यांनी आदराने विचारलं,

"पगार किती देतात?"

"काही नाही."

"मानधन?"

"नाही."

"मग लेखाखाली नाव तरी?"

"तेही नाही. आणि लिहिलेलं कोणीही खोडू शकतो."

मेहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता बहिणीला विचारलं, "यांचं बीपी वगैरे तपासलंत का अलीकडे?"

त्यांचं तरी काय चुकलं? खुद्द विकिपीडिया काढणाऱ्यांचाही आधी यावर विश्वास नव्हता. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० साली प्रथम काढला तो 'न्यूपीडिया'. तो रीतसर होता. लिहिणारे विद्वान, तपासणारे त्याहून विद्वान, आणि लेख प्रसिद्ध व्हायच्या आधी तपासणीच्या सात पायऱ्या. माझ्या खात्याला शोभेल असा कारभार! फळही तसंच मिळालं. तीनेक वर्षांत तो प्रकल्प बंद पडला तेव्हा पुरे झालेले लेख दोन डझनांच्या आसपास होते. दरम्यान, विद्वानांकडे पाठवायचा कच्चा माल तयार व्हावा म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी शेजारी एक बिनकुलपाची खोली उघडली होती. या, लिहा, खोडा, जा. तिथे पहिल्याच वर्षात हजारो लेख जमले. सात पायऱ्या चढून वर कोणी गेलंच नाही, सगळं जग तळमजल्यावरच गप्पा मारत बसलं. आज तीनशेहून अधिक भाषांत तो तळमजला पसरला आहे.

मराठीला कोशाचं वेड जुनंच. डॉक्टर केतकरांनी कंपनी काढून, भाग विकून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आणला, आणि विसाव्या खंडाचा शेवट व्हायला २०१५ उजाडलं. म्हणजे 'अ' वाचून ज्याने नोकरी धरली, तो 'ज्ञ' येईपर्यंत निवृत्त होऊन पेन्शनच्या थकबाकीसाठी भांडत होता. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. महाराष्ट्र दिनीच! त्याला ना कार्यालय, ना अध्यक्ष, ना मंडळ. अध्यक्ष नसलेली मराठी संस्था बावीस-तेवीस वर्षं फूट न पडता चालते, हा चमत्कार कुठल्याही कोशात नोंदवण्यासारखा आहे.

फूट पडत नाही. भांडणं मात्र भरपूर. त्याची सोयच केलेली आहे. प्रत्येक लेखाच्या पाठीला एक चर्चापान जोडलेलं असतं. सगळ्यांनी मिळून वाद घालायला वेगळी चावडी आहे. तिचं नावच चावडी. नवख्यांनी हात साफ करायला धूळपाटी. कंटाळवाणी कामं उरकायला केलेल्या संगणकी गड्याला तिथे सांगकाम्या म्हणतात. व्यवस्था बघणारे प्रचालक. तेही बिनपगारीच, फक्त त्यांना शिव्या जास्त मिळतात.

पण मी ज्याच्या प्रेमात पडलो ते पान म्हणजे 'इतिहास'. लेखातला प्रत्येक बदल कोणी केला, किती वाजता केला आणि किती केला, हे सगळं तिथे जन्मभर राहतं. भर घातली की हिरवा आकडा, कापलं की लाल. माझ्या नोकरीत असं एक रजिस्टर असतं तर अर्धं खातं निलंबित झालं असतं. गंमत पुढेच आहे. ऱ्हस्व वेलांटी खोडून दीर्घ घातली तर आकडा पडतो शून्य, कारण संगणकाच्या लेखी दोन्ही वेलांट्यांचं वजन सारखंच. कुठल्याशा नदीच्या लेखात मी 'उत्तरवाहीनी'चं 'उत्तरवाहिनी' केलं. रात्रीचे साडेअकरा; शून्य. पहाटे दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी कोणीतरी ते पुन्हा 'वाहीनी' केलेलं, शून्य. सकाळी मी पुन्हा बदललं, शून्य. मग चर्चापानावर तत्सम शब्द आले, साहित्य महामंडळाचे १९६२ साली शासनाने मान्य केलेले नियम आले, १९७२ साली त्यात घातलेली भर आली, आणि दोन्ही बाजूंनी 'माननीय सदस्य' अशी सुरुवात करून एकमेकांची अक्कल काढून झाली. मराठी भाषेसाठी आम्ही दोघांनी दोन रात्री जागवल्या आणि कोशात एकूण भर पडली शून्य. मला मात्र इतकं ताजंतवानं निवृत्तीनंतर प्रथमच वाटलं.

या आनंदाच्या भरात मी आमच्या गावाचा लेख उघडला. गावाचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं तर ते चुकीचं आहे अशी पत्रं येतील. मराठी विकिपीडियावर गावांचे लेख पुष्कळ, आणि बरेचसे एकाच मुशीतले. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे अशी मथळ्यांची रांग लागलेली, आणि मथळ्यांखाली शांतता. आमच्या गावाला हवामान होतं. पावसाळ्यात पाऊस पडतो आणि उन्हाळा उष्ण असतो, असं त्यात म्हटलं होतं. बाकी गावात काहीच नव्हतं. माणसं नाहीत, देऊळ नाही, नदी नाही, नुसतं हवामान.

मी बसलो आणि सगळं भरून टाकलं. नावाची व्युत्पत्ती, पांडव एका रात्रीत देऊळ बांधत असताना कोंबडा आरवल्यामुळे राहिलेला कळस, पडका बुरूज, जत्रा, आणि जत्रेतल्या गुळाच्या शेवेची कीर्ती. हिरवा आकडा असा घसघशीत पडला की मी सुनेला बोलावून दाखवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर प्रत्येक वाक्याच्या शेपटाला चौकटी कंसात दोन शब्द लटकत होते: संदर्भ हवा. पांडवांच्या मागे 'संदर्भ हवा'. कोंबड्याच्या मागे 'संदर्भ हवा'. शेवेच्या मागेसुद्धा.

आयुष्यभर ज्याने लोकांच्या बिलांवर 'पुरावा जोडावा' लिहिलं, त्याच्या कोंबड्याला कोणीतरी पुरावा मागत होतं. कोण होतं ते कळायला मार्ग नाही. नाव टोपणनाव. सदस्यपानावर एवढंच, की वनस्पतिशास्त्राची आवड आहे. शेरा मात्र अस्सल होता. मला त्या माणसाबद्दल एकदम आदर वाटला आणि त्याचा गळा दाबावासाही वाटला.

गावी फोन लावला. आत्या नव्वदीच्या पुढे आहे. म्हटलं, "आत्या, पांडवांनी देऊळ बांधलं याला संदर्भ पाहिजे."

"काय पाहिजे?"

"पुरावा. हे सांगितलं कोणी?"

"मी सांगतेय की!"

"तुला कोणी सांगितलं?"

"सासूबाईंनी."

"त्यांना?"

"मेल्या, सासूबाईंना पुरावा मागायची पद्धत होती का आमच्या वेळी?"

शेवटी आधार मिळाला तो साहेबाचा. जुन्या ग्रंथालयात इंग्रजी अमदानीतलं जिल्ह्याचं गॅझेटियर सापडलं. आमच्या गावाला त्यात सव्वा ओळ आली होती. कोणी साहेब घोड्यावरून जाताना तिथे पाणी प्यायला थांबला असावा. देऊळ एक आहे आणि विहिरीचं पाणी मचूळ आहे, एवढंच त्याने नमूद केलं होतं. ते मात्र बिनतक्रार राहिलं. नव्वद वर्षं तेच पाणी पिऊन टिकलेली आत्या पुराव्यात बसली नाही. तांब्याभर पिऊन तोंड वाकडं करणारा साहेब बसला. नियम असा की ऐकीव चालत नाही, छापील पाहिजे. नियम चुकीचा आहे असं म्हणायची सोय नाही, कारण आत्याच्याच शेजारी राहणाऱ्या काकूंच्या मते ते देऊळ पांडवांनी नव्हे, त्यांच्या सासऱ्यांनी बांधलं.

इथवर प्रकरण माझ्यापुरतं होतं. मग मी ते भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं. 'आपल्या गावाचा लेख कोणीही समृद्ध करू शकतो,' असं भाबडं वाक्यही लिहिलं. आमच्या गावाचे दोन भाग आहेत, बुद्रुक आणि खुर्द. मध्ये ओढा आणि सात पिढ्यांचं वैर. खुर्दाचे अण्णा आणि बुद्रुकाचे बापू हे सख्खे चुलतभाऊ. शेताच्या बांधावरून त्यांचा दिवाणी दावा इतका जुना आहे, की मूळ वकील वारले आणि आता त्यांचे मुलगे तारखा घेतात. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. एकमेकांच्या कुत्र्यांशीही बोलत नाहीत.

त्या संध्याकाळी सरपंचांनी लेखात आपला फोटो लावला. तो उतरला. त्यांच्या विरोधी पॅनेलने 'समस्या' नावाचा विभाग उघडून त्यात सरपंचांचं नाव घातलं. तेही उतरलं. 'गावातील नामवंत व्यक्ती' या मथळ्याखाली रात्री जेवणवेळेपर्यंत गावाची मतदारयादी आली. एका पुतण्याने तर स्वतःवर स्वतंत्र लेखच काढला: 'प्रसिद्ध युवा नेते, कवी, निवेदक व शेअर बाजार अभ्यासक.' त्यावर उल्लेखनीयतेचा प्रश्न निघाला आणि पान वगळायची पाटी लागली. पुतण्याचा मला फोन.

"काका, तुमची तिथे ओळख आहे ना? जरा शब्द टाका."

"तिथे ओळख चालत नाही रे. पेपरात तुझ्याविषयी स्वतंत्रपणे काही छापून आलेलं आहे का?"

"आलंय की! वाढदिवसाची जाहिरात. अर्धं पान. आम्हीच दिली होती."

अण्णांचा संताप वेगळा होता. बुरुजावरचा त्यांचा मजकूर 'संदर्भ हवा' लागून लागून शेवटी निघाला होता. अण्णा निवृत्त हेडमास्तर. नेटवर शोधून शोधून त्यांनी दारूगोळा जमवला होता.

"मला एक सांग," ते फोनवर गरजले, "तुमच्या त्या इंग्रजी कोशात डिचोलीचं युद्ध होतं की नाही?"

होतं, हे कबूल करावं लागलं. इंग्रजी विकिपीडियावर २००७ साली कोणीतरी 'डिचोलीचा संघर्ष' नावाचा प्रदीर्घ लेख लिहिला. गोव्यात १६४० ते १६४१ या काळात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात झालेलं युद्ध, त्याच्या मोहिमा, तह, सगळं तपशीलवार. लेखाला 'चांगला लेख' असा दर्जाही मिळाला. पाच वर्षांनी, २०१२च्या अखेरीस, कोणा एकाने खाली दिलेली पुस्तकं शोधायला घेतली आणि ती पुस्तकंच अस्तित्वात नसल्याचं निघालं. मग युद्धही नसल्याचं निघालं.

"१६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते!" अण्णा म्हणाले. "मराठा साम्राज्य कुठून आणलं? चौथीच्या पोरालाही कळेल. न झालेलं युद्ध तिथे पाच वर्षं टिकतं आणि माझा झालेला बुरूज पाच मिनिटं टिकत नाही?"

मुद्दा बिनतोड होता. मीही त्यावर पुष्कळ विचार केला आणि माझ्या लक्षात आलं, की चौथीच्या पोराला कळलं असतं, पण ते पोर तिथे गेलंच नव्हतं. डिचोलीतला एखादा खवचट मास्तर, साताऱ्याचा एखादा सनावळीवाला, पणजीतला एखादा 'आमच्या आजोबांनी असं काही सांगितलं नव्हतं बुवा' म्हणणारा गृहस्थ, यांतला एकही त्या पानावर फिरकला असता तर युद्ध आठवड्यात आटोपलं असतं. स्कॉटलंडची हकिकत याहून मजेदार आहे. स्कॉट्स भाषेतल्या विकिपीडियावर वीस हजारांहून अधिक लेख एका अमेरिकन पोराने लिहिले होते. सुरुवात केली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. इंग्रजी वाक्यं घ्यायची, अधूनमधून स्कॉट्स वाटेल असं स्पेलिंग वाकडं करायचं, की झाला लेख. हेतू बिचाऱ्याचा चांगलाच होता. कित्येक वर्षांनी, २०२० साली, हे उघडकीला आलं. दार सताड उघडं होतं, पण आपल्या भाषेची चूक काढायला ती भाषा बोलणारं कोणी आत आलंच नव्हतं.

उलट जिथे चुका काढणाऱ्यांची दाटी आहे, तिथे काय होतं बघा. दह्याच्या लेखाचं शीर्षक इंग्रजीत 'एच' घालून लिहायचं की न घालता, यावर इंग्रजी विकिपीडियावर जवळपास आठ वर्षं वाद चालला. २०११ साली 'एच' गेला. एवढ्या अवधीत दह्याचं चक्का, श्रीखंड आणि पुन्हा दूध झालं असतं. 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' या चित्रपटाच्या नावात 'इन्टू'चा 'आय' मोठा काढावा की लहान, यावर चर्चापानावर चाळीस हजारांहून अधिक शब्द खर्ची पडले. मध्यम आकाराची कादंबरी त्यात बसते. अशा भांडणांसाठी तिथे नियमच आहे, की चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवाल तर काही काळ बाहेर बसाल. पण त्या दह्याच्या लेखात मधल्या काळात दह्याविषयी एकही थाप टिकली असेल असं मला वाटत नाही. चोवीस तास डोळ्यांत तेल घालून दोन फौजा समोरासमोर उभ्या असताना थाप मारायला धजेल कोण?

विकीचा मूळ जनक वॉर्ड कनिंगहॅम. त्याने १९९५ साली पहिला विकी चालू केला. त्याच्या नावावर एक नियम खपवला जातो: इंटरनेटवर अचूक उत्तर पाहिजे असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर लिहा. आपण तो नियम केला नाही असं तो स्वतः सांगतो, म्हणजे या नियमाबद्दलही चुकीचंच काहीतरी लिहून कोणीतरी बरोबर उत्तर मिळवलेलं दिसतं. आपल्याकडे हा नियम कोणाला शिकवावा लागत नाही. 'पत्ता सांगता का?' म्हणून विचारा, चौकातला माणूस हात वारून निघून जाईल. 'हा रस्ता शनिवारवाड्याला जातो ना?' असं स्वारगेटच्या दिशेला तोंड करून विचारा, चार जण चहा सोडून तुमच्यामागे येतील.

तेव्हा लोक समजतात तसा विकिपीडिया ज्ञानदानाच्या ऊर्मीवर चालत नाही. ती असते, पण ती रविवारी सकाळी येते आणि नाश्ता झाला की ओसरते. पहाटे दोन सत्तेचाळीसला माणसाला अंथरुणातून उठवणारी ऊर्मी निराळी. 'दुसऱ्याने चुकीचं लिहिलंय आणि ते अजून तसंच आहे' या विचाराने जी झोप उडते, ती दानाच्या पुण्याने उडत नाही. २००५ साली 'नेचर' या नियतकालिकाने विज्ञानाच्या बेचाळीस विषयांवरचे लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियात लेखामागे सरासरी चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिकात तीन. लोक थक्क झाले, की हौशी मंडळी पगारी विद्वानांच्या इतकी जवळ कशी? मला त्यात काही नवल वाटलं नाही. विद्वानांना पगार लिहिण्याचा मिळत होता. इकडे दुसऱ्याचं खोडायला मिळत होतं, तेही फुकट.

हे मी अण्णांना समजावलं नाही. समजावण्यातून काही होत नाही. मी एवढंच म्हणालो, "अण्णा, बुरुजाला पुरावा मिळत नाही हे खरं. पण त्या लेखात ओढ्याची दिशा चुकीची दिलेली आहे, ती बघितलीत का?"

"कोणी दिली?" अण्णांचा आवाज एकदम तरुण झाला.

"कोणास ठाऊक. कोणी बुद्रुकाचाच असेल."

दुसऱ्या दिवशी लेखावर 'बुरूज' नावाचा नवा सदस्य अवतरला. ओढा दुरुस्त झाला, खाली पाटबंधारे खात्याच्या नकाशाचा संदर्भ लागला. त्याच रात्री मी बापूंना फोन केला आणि जत्रेची तिथी कोणीतरी खुर्दाच्या सोयीने दिल्याचं सहज कानावर घातलं. तिसऱ्या दिवशी 'ओढाकाठ' नावाचा सदस्य उगवला.

आता त्या दोघांचं चर्चापान वाचणं हा माझा सकाळचा कार्यक्रम झाला आहे. समोरचा कोण आहे हे दोघांनाही माहीत नाही. मला कळायला अडचण पडत नाही. अण्णांच्या प्रत्येक वाक्यात एक 'सबब' असतो, आणि बापू 'थोडक्यात सांगायचे तर' म्हणून तीन परिच्छेद लिहितात. 'माननीय सदस्य ओढाकाठ यांनी १९६१च्या जनगणना पुस्तिकेकडे लक्ष वेधले, ते योग्यच आहे. सबब मी माझे विधान मागे घेतो.' असं अण्णा लिहितात! त्यांनी घरात कधी मीठ कमी पडल्याचं विधानसुद्धा मागे घेतलेलं नाही. त्यावर बापू: 'थोडक्यात सांगायचे तर, सदस्य बुरूज यांच्यासारखा अभ्यासू व समंजस सहकारी लाभणे हे या लेखाचे भाग्य.' मागच्या आठवड्यात तर बापूंनी मला फोन करून विचारलं, "तो बुरूज कोण रे? कुणी प्राध्यापक असावा. असा एक माणूस आमच्या भावकीत असता तर गावाचं सोनं झालं असतं."

लेख आता चांगलाच बाळसं धरू लागला आहे. शाळेची स्थापना सनासह आली, जुन्या पाणीपुरवठा योजनेचा ठराव आला, जत्रेला तालुक्याच्या साप्ताहिकाचं कात्रण मिळालं. गुळाची शेवसुद्धा त्याच कात्रणात सापडली आणि संदर्भासह परतली. वनस्पतिशास्त्रवाले गृहस्थ मधूनच येऊन एखादा 'संदर्भ हवा' लावून जातात आणि दोघे म्हातारे खांद्याला खांदा लावून त्याच्या मागे लागतात.

सौभाग्यवतींना मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिचे डोळे पाणावले. "अहो, मग सांगून टाका ना दोघांना," ती म्हणाली. "दावा मिटेल. भाऊ भाऊ एक होतील. केवढं पुण्य लागेल!"

"अजिबात सांगायचं नाही," मी म्हटलं. "एकदा का गळ्यात गळे पडले, की दोघंही ओट्यावर बसून सुपारी कातरत बसतील. बांधाची पुढची तारीख दिवाळीनंतर आहे. तोवर इतिहास, लोकजीवन आणि निम्म्या नागरी सुविधा उरकून घेऊ. मग मिटवतील हवं तर."